लघुकथा वाचून इंग्रजी बोलता येतं का? शिक्षणासाठी परदेशी निघालोय

अर्धविराम

नमस्कार मंडळी. पुढच्या सत्रात मास्टर्सला परदेशी निघालोय. प्रवेश पक्का झाला, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही हातात आहे. रीडिंग आणि लिसनिंग झकास, रायटिंग बरं, स्पीकिंगने मात्र विद्यापीठाची किमान अट कशीबशी गाठली.

शाळा मराठीतून, पदवी इंग्रजीतून. त्यामुळे वाचायची भीती नाही, विषयाची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतच वाचली. विषयावर बोलायला लावलंत तर तेही जमतं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांशी व्यवस्थित बोललो. पण कुणी सहज विचारलं, ‘काल आला नाहीस, काय झालं?’ की बोबडी वळते. वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्याच विषयावर पोचलेला असतो. अवघड ते येतं आणि सोपं ते अडतं, हे असं उलटं कसं झालं?

एक मित्र म्हणाला, लघुकथा वाच. लायब्ररीतून संग्रह आणले, वाचले, आवडलेही. बोलण्यात काडीचा फरक नाही. दुसरा म्हणतो, कथाबिथा सोड, निघायच्या आधी अशा ठिकाणी फिरून ये जिथे इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. तिसरा म्हणतो, काहीच करू नकोस, तिथे गेलं की आपोआप येतं.

तिघांपैकी कुणाचं ऐकू? आणि कथा वाचायच्याच असतील तर त्या बोलण्यात उतरवायच्या कशा?

खिडकीजवळची_सीट

फिरून ये म्हणणाऱ्या मित्राशी मी निम्मा सहमत. कामानिमित्त बराच फिरतो, त्यावरून सांगतो. प्रवासातलं इंग्रजी आखूड आणि ठरलेलं असतं. चेक-इनला तेच प्रश्न: बॅग स्वतः भरलीत का, खिडकी हवी की आइल. इमिग्रेशनला: कशासाठी आलात, किती दिवस, उतरणार कुठे. हॉटेलात: नाश्ता किती वाजता, वायफायचा पासवर्ड काय. हे सगळं चटकन पाठ होतं, आणि पाठ झालं की आपल्याला वाटतं इंग्रजी सुधारलं. प्रत्यक्षात तीच मोजकी वाक्यं गुळगुळीत झालेली असतात.

काही बिघडलं की मग कळतं. माझी बॅग एकदा पट्ट्यावर आलीच नाही. अशा वेळी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, भरून घेतात. बॅग दिसायला कशी होती हे सांगायला त्यांच्याकडे चित्रांचा तक्ता असतो. आपल्या बॅगेसारख्या चित्रावर बोट ठेवलं की झालं, तिथे भाषा लागतच नाही. पण मग काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मधल्या विमानतळावर नेमकं काय झालं? आता सांगा बघू: पहिलं विमान उशिरा निघालं, त्यामुळे दुसरं चुकलं, मग तिसऱ्यात बसवलं, बॅगेवर टॅग बहुधा जुनाच राहिला, आणि औषधं त्याच बॅगेत आहेत. ही तर अख्खी गोष्टच झाली की! मागे रांग, डोळ्यांवर झोप, आणि आधी काय नंतर काय हे न चुकता सांगायचंय.

जाता जाता कामाचं: त्या रिपोर्टचा नंबर हातात घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नका. बॅग उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडकी मिळाली तर ७ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारात तशी मुदतच घातलेली आहे. तक्रारीचं पत्र लिहायचं म्हणजे परत तीच गोष्ट, या वेळी कागदावर.

तेव्हा फिरायला जरूर जा. इंग्रजीसाठी म्हणून जाऊ नका.

उंबरठा

वरच्या उत्तरात ‘अख्खी गोष्टच झाली की’ हे जे आलंय, तिथेच तुझं उत्तर आहे. (वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरी लिहितेय. खटकलं तर सांग.) मी स्वतः परदेशात शिकले, नंतर तिथल्याच विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात नव्याने आलेल्या मुलांचे बोलण्याचे वर्ग घेतले. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषांची मुलं. तुझ्यासारखी प्रत्येक वर्गात असायची, आणि ती बहुतेक वेळा हुशार मुलं असायची.

तुझं काही उलटं झालेलं नाही. विषयाचं इंग्रजी म्हणजे वर्तमानकाळ: अमुक वाढलं की तमुक कमी होतं, ही पद्धत अशी चालते, या आकृतीत हे दिसतं. कर्ता बहुतेक निर्जीव, क्रियापदं ठरावीक, अवघड शब्द पुस्तकानेच पुरवलेले. ‘काल काय झालं’ यात यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथे भूतकाळ लागतो, माणसं लागतात, कोण कुणाला काय म्हणालं ते लागतं, ‘तेवढ्यात’, ‘खरं तर’, ‘शेवटी’ असले सांधे लागतात. हे इंग्रजी तू भरपूर वाचलंयस, पण तोंडातून काढायची वेळच आली नाही. परीक्षक तुला काल काय झालं हे थोडंच विचारत होते?

खरं म्हणजे एका परीक्षकाने विचारलं असणार, आयईएलटीएसच्या. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. त्या कार्डांवर ‘अशी एक वेळ सांगा जेव्हा...’ या थाटाचे विषय किती असतात आठवून बघ. ती गोष्ट सांगण्याचीच परीक्षा आहे, फक्त तिला तसं नाव नाही. तुझे गुण तिथे गेले असतील तर मला नवल वाटणार नाही.

तर, कथा वाचून थांबू नकोस. ती सांग.

लघुकथाच का, तर ती एका बैठकीत संपते आणि संपल्यावर सगळीच्या सगळी डोक्यात मावते. कादंबरीचं प्रकरण सांगायला गेलास तर निम्मा वेळ मागचा संदर्भ देण्यात जाईल. बातमीत माणसं पुरेशी बोलत नाहीत. सिनेमा बघून सांगायला हरकत नाही, पण अडलास तर उघडून बघायला पान नसतं, आणि या सगळ्या खटाटोपात पान उघडून बघणं हेच मुख्य आहे.

दोन-तीन पानांची कथा घे. एकदा सलग वाच, डिक्शनरी लांब ठेव. पुस्तक मिट. मग फोनचं रेकॉर्डिंग चालू करून ती गोष्ट मोठ्याने इंग्रजीत सांग. मनातल्या मनात नको, मनात सगळ्यांनाच येतं. शब्द अडला तर थांबायचं नाही, वळसा घालून पुढे जायचं: ‘कुंपण’ आठवलं नाही तर ‘बागेभोवतीची लाकडी भिंत’ म्हण. हा वळसा घालता येणं परदेशात रोज लागतं. शब्द आठवत बसलेल्या माणसासाठी समोरचा थांबत नाही, वळसा घालणाऱ्याचं मात्र ऐकून घेतो.

सांगून झालं की पुस्तक उघड आणि फक्त जिथे अडलास तेवढ्याच जागा बघ. लेखकाने हे कसं म्हटलंय? वाचताना जे वाक्य डोळ्याखालून नुसतं निघून गेलं होतं, तेच आता डोक्यात बसतं, कारण आता तुला ते हवं असतं. माझ्या वर्गात एक मुलगी ‘तो उठून निघून गेला’ यापाशी दरवेळी अडायची. गॉट अप, वेंट, डोअर, सगळे सुटे शब्द ठाऊक. कथेत ‘वॉक्ड आउट’ एवढंच होतं. तिने ते वहीत लिहिलं नाही, लगेच दुसऱ्यांदा गोष्ट सांगितली आणि तिथे वापरलं. पुढे सत्रभर ती कुठूनही ‘वॉक आउट’ करत होती, ते सोडा.

मग तीच गोष्ट पुन्हा, कमी वेळात. भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ४/३/२ नावाचा जुना सराव आहे: तेच बोलणं आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन, आणि दरवेळी ऐकणारा नवा. वेळ कमी झाला की फाफटपसारा गळतो, वाक्यं जोडून यायला लागतात. ऐकणारा नवा असल्यामुळे ‘मघाशी सांगितलं ना’ म्हणायची सोय राहत नाही. माणसं नसतील तर फोन आहेच, पण आठवड्यातून एकदा तरी खरा कान शोध.

सांगताना एका गोष्टीवर डोळा ठेव, ती आपल्या मराठी लोकांची खास आहे. दुसऱ्याचं बोलणं आपण जसंच्या तसं उचलून ठेवतो: ‘तो म्हणाला मी उद्या येतो.’ मराठीत कुणाचा गोंधळ होत नाही. हेच इंग्रजीत ‘ही सेड आय विल कम टुमॉरो’ असं सांगितलंस तर ऐकणारा समजतो की येणार आहेस तू. तिथे ‘ही सेड ही वुड कम’ असं माणूस आणि काळ दोन्ही फिरवावं लागतं. व्याकरणाच्या पेपरात हे तू डोळे मिटून सोडवशील. बोलताना हात द्यायला ते येत नाही, आणि कथेइतका त्याचा सराव दुसरीकडे कुठेही मिळत नाही, कारण कथेत माणसं सारखी एकमेकांना काहीतरी सांगत असतात.

कोणत्या कथा? तू आणलेल्या संग्रहांबद्दल मला जरा शंका आहे. ‘लघुकथा वाच’ म्हटलं की लोक ओ. हेन्री सुचवतात. वाचायला बहार. पण त्याची वाक्यं मुद्दाम नटवलेली आहेत, शब्द शंभर वर्षांहून जुने आहेत, आणि सगळी गंमत शेवटच्या कलाटणीत आहे. त्या वाक्यांचं अनुकरण करून तू आज वसतिगृहात बोललास तर लोक चमकून बघतील. सुरुवातीला ग्रेडेड रीडर्स घे, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी ठरावीक, ओळखीच्या शब्दांतच लिहिलेली पुस्तकं. त्यांवर बहुधा ए२, बी१, बी२ अशी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पातळी छापलेली असते. नाक मुरडू नकोस. ‘मी जाडजूड पुस्तकं वाचतो, हे काय बाळबोध’ असं प्रत्येकाला वाटतं. वाचायला बी२ चालतं म्हणून सांगायलाही बी२ घ्यायचं नाही, एक पायरी खालचं घ्यायचं.

पातळी बरोबर आहे का हे बघायची सोपी खूण आहे. मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं पॉल नेशन या अभ्यासकाच्या कामातून पुढे आलेलं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. नेशनच्याच २००६ च्या हिशेबाप्रमाणे नेहमीच्या कादंबऱ्या-वर्तमानपत्रांसाठी आठ-नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात आणि बोलणं समजायला सहा-सात हजार. तुझ्याकडे शब्दांचा तुटवडा असेल असं मला वाटत नाही. पण सांगायच्या कथेत अनोळखी शब्द जवळजवळ नकोतच.

आता तिसरा मित्र, ‘आपोआप येतं’वाला. ऐकणं येतं आपोआप, बऱ्यापैकी. बोलणं येत नाही. मी अशी मुलं पाहिली जी पदवी घेऊन परतली आणि बोलणं होतं तिथेच. राहायला आपल्याच भाषेची मंडळी, वर्गात गप्प, दुकानात सेल्फ-चेकआउट, बसचं तिकीट ॲपवर. पूर्ण आठवडा एकही गोष्ट न सांगता जातो. परदेशात राहणं आणि परदेशी भाषेत राहणं यात आता फोनमुळे फार अंतर पडलंय.

तळटीप

उंबरठा यांचं बरचसं पटलं, पण एका मुद्द्यावर थांबतो. मी सध्या परदेशात पीएच.डी. करतोय. पहिल्या सत्रात मला नडलं ते ‘काल काय झालं’ नव्हे, सेमिनार. दहा-बारा जण टेबलाभोवती, प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत सुरू होतो. मुद्दा माझ्याकडे असायचा, आत शिरायची फट सापडायची नाही. कथा सांगून ती फट सापडत नाही. तिथे ‘यावर एक जोडतो’, ‘मला हे असं समजलं, बरोबर आहे का’, ‘मी थोडा वेगळा विचार करतो’ ही वाक्यं जिभेवर तयार असावी लागतात, आणि त्याहून जास्त म्हणजे बोलायला सुरुवात करण्याचा धीर.

शब्दांचंही तेच. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट आहे, ५७० शब्दकुळांची. अभ्यासाच्या मजकुरात या यादीतले शब्द सुमारे १० टक्के भरतात आणि कथा-कादंबऱ्यांत जेमतेम १.४ टक्के. म्हणजे कथा कितीही वाचा, ‘अनॅलाइज’, ‘असेस’, ‘कॉन्टेक्स्ट’ तिथे फारसे भेटणार नाहीत. निघायच्या आधी हातात वेळ थोडा आहे, तर तो विद्यापीठांची मोफत रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकण्यात आणि नोट्स काढण्यात घालवावा असं मी म्हणेन.

आणखी एक. प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या राखीव वेळा, चुकवू नका. तिथे एकाशी एक बोलणं होतं, घाई नसते. माझं बोलणं सेमिनारमध्ये सुधारलं नाही, त्या खोलीत सुधारलं.

उंबरठा

तळटीप, आकडे बरोबर आहेत आणि तुमच्यासाठी सल्लाही बरोबर आहे. पण ते १० टक्के या मुलाकडे आधीच आहेत, पदवीची सगळी पुस्तकं त्याने त्याच शब्दांत वाचली. त्याला व्याख्यानं ऐकायला बसवलं तर तो जिथे पक्का आहे तिथेच आणखी पक्का होईल.

सेमिनारचं म्हणाल तर तिथे काय सांगतात हो? ‘आधीचे लोक असं समजत होते, यांना शंका आली, यांनी असा प्रयोग केला, निघालं भलतंच, मग त्यांनी असं स्पष्टीकरण दिलं.’ शोधनिबंधाचा सारांश दोन मिनिटांत सांगणं ही गोष्टच आहे, पात्रं तेवढी कोरडी. ज्याला गोष्ट सांगता येते त्याचा सारांश लोक ऐकतात.

फट सापडण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. त्यावर माझा वर्गातला उपाय असा होता: दोघांनी एकच कथा वाचायची आणि तिच्यातल्या एका माणसाच्या वागण्यावर भांडायचं. ती परत का गेली? त्याने पत्र का फाडलं? आपल्या विषयात वाद घालताना बरोबर उत्तर कुठेतरी पुस्तकात आहे हे ठाऊक असतं, म्हणून कच्चा माणूस गप्प बसतो. कथेत बरोबर उत्तर नसतंच. तिथे गप्प बसायला कारण उरत नाही, आणि ‘तुझं खरं, पण...’ ही वाक्यं हव्या तेवढ्या वेळा तोंडातून जातात. सेमिनारला लागणारी हीच.

ऑफिस अवर्सबद्दल शंभर टक्के सहमत. नवी मुलं समजतात की तिथे अडचण असली तरच जायचं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. ताई, एकेरीच बरं वाटतं.

सांगितल्याप्रमाणे सुरू केलंय. बी१ चं पुस्तक आणलं. वाचताना ‘हे फारच सोपं’ वाटलं आणि सांगायला लागल्यावर तो समज उतरला. दोन शंका आहेत. एक म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जिथे तिथे ‘हॅड’ येतंय. ही हॅड गॉन, शी हॅड सीन, दे हॅड टोल्ड. पुस्तकात बघतो तर तिथे साधा भूतकाळ. नियम मला येतो, तरी तोंडातून हॅडच बाहेर पडतं.

दुसरं, बहिणीला एक गोष्ट ऐकवली. ती म्हणाली, समजलं सगळं, पण बातम्या वाचतोयस असं वाटतं. प्रत्येक शब्द सुटा सुटा आणि सारख्याच जोरात. याला काय करायचं? उच्चारांचा क्लास लावावा का?

उंबरठा

हॅड कुठून येतं सांगते. मराठीत आपण ‘काल मी डॉक्टरकडे गेलो होतो’, ‘परवा तो भेटला होता’ असं सहज म्हणतो. ‘होतो’ लावायला मागेपुढे दुसरी घटना असावी लागत नाही, गोष्ट घडून गेली एवढं पुरतं. ते ‘होतो’ उचलून तू इंग्रजीत ठेवतोस. इंग्रजीत ‘काल’ म्हटलंस की ‘आय वेंट’, संपलं. हॅड लागतं ते तू आधीच भूतकाळात उभा असशील आणि तिथून आणखी एक पाऊल मागे जायचं असेल तेव्हाच.

कथेत बघ, कुठे कुठे सापडतं. बहुधा आठवण किंवा मागची हकीकत सुरू होते तिथे एक-दोन वाक्यांत, आणि एकदा मागे जाऊन पोचलो की लेखक पुन्हा साध्या भूतकाळावर येतो. सारखं हॅड-हॅड तोही करत नाही.

यावर एक उफराटा सराव आहे. गोष्ट शेवटाकडून सांग. ‘म्हातारा स्टेशनवर एकटा उभा होता. त्याची गाडी निघून गेली होती, कारण त्याने तिकीट एका मुलाला देऊन टाकलं होतं.’ सुरुवातीपासून सांगितलं तर यातलं एकही हॅड लागत नाही, शेवटाकडून सांगितलं की प्रत्येक ठिकाणी लागतं. एकच गोष्ट दोन्हीकडून सांगितलीस की हॅडची जागा कानाला कळायला लागेल.

बातम्यांचं म्हणशील तर क्लास नको, निदान आत्ता. मराठीत आपण अक्षरांना बऱ्यापैकी सारखं वजन देतो. इंग्रजीत एखाद्या अक्षरावर जोर पडतो आणि आजूबाजूची अक्षरं चेपली जातात. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर. फोटोग्राफी करणारा म्हटला की तो ‘फटॉग्रफर’ होतो, जोर दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘फो’ जवळजवळ गिळला जातो. वाक्यातही असंच: नाम, क्रियापद वर येतात, ऑफ, टू, अँड, वॉज नुसते पुसट. तू पुसट शब्दांनाही सरळ रेषेत उभं करतोस, म्हणून बहिणीला बातम्या वाटल्या. तिचा कान चांगला आहे, तिलाच ऐकवत जा.

लिब्रिव्हॉक्सवर कॉपीराइट संपलेल्या कथा स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचून ठेवल्या आहेत, फुकट. त्यांचा मजकूर बहुतेक वेळा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या साइटवर मिळतो. वाचणारे देशोदेशीचे, उच्चारही तऱ्हेतऱ्हेचे, आणि तुझ्या वर्गातही तेच असणार आहेत. तिथल्या भाषेचं जुनेपण इथे आड येत नाही, कारण आपल्याला ताल हवाय. न कंटाळता ऐकवेल असा एक आवाज निवड. एकच परिच्छेद, शक्यतो ज्यात दोन माणसं बोलताहेत असा. आधी मजकूर समोर ठेवून ऐक, मग त्याच्याबरोबर, अर्धा शब्द मागे राहून बोल. पोचता येत नाही असं वाटेल, कारण तू प्रत्येक ‘ऑफ’ला पूर्ण वेळ देतोयस. पुसट शब्द गिळायला लागलास की पोचशील. संवाद आले की थोडं नाटक कर. लाज वाटत असेल तर दार लाव.

परदेशी उच्चार आणायचा प्रयत्न करू नकोस. तुझा मराठी वळणाचा उच्चार कुणाला नडत नाही, जोर चुकीच्या जागी पडला की मात्र नडतं.

खिडकीजवळची_सीट

शेवटाकडून सांगायची युक्ती बॅगेवर करून बघितली. काउंटरवर खरं तर तसंच सांगायला हवं: बॅग आलेली नाही, कारण टॅग बदलला नव्हता, कारण दुसरं विमान चुकलं होतं. त्यांना शेवट आधी हवा असतो. मी मात्र घरातून निघालो तिथपासून सुरुवात करतो.

अर्धविराम

हे भारीच. ताई, शेवटचं विचारतो. इथे बहीण आहे. तिथे पोचल्यावर गोष्ट ऐकवायला माणूस कुठून आणू? वर्गातल्यांना ‘बसा, कथा सांगतो’ म्हणणं जरा अवघड वाटतंय.

उंबरठा

त्यांना नको सांगूस, पळून जातील. बऱ्याच विद्यापीठांत भाषाकेंद्राचा भाषासोबतीचा कार्यक्रम असतो, टँडम म्हणतात. तुझी भाषा किंवा दुसरी एखादी शिकू पाहणारा कुणीतरी आणि तू, निम्मा वेळ एक भाषा, निम्मा दुसरी. प्रवेश घेतलेल्यांना तो सहसा फुकट असतो. मराठी शिकणारा मिळाला नाही तरी संवादगट असतात, तिथे सगळेच शिकाऊ. अशा ठिकाणी ‘या आठवड्यात मी एक कथा वाचली’ म्हणून सुरुवात केलीस तर कुणाला विचित्र वाटत नाही, उलट विषय मिळाला म्हणून बरंच वाटतं, कारण हवामान आणि ‘तू कुठला’ पहिल्याच भेटीत संपलेलं असतं.

सत्र सुरू झाल्यावर या जागा लवकर भरतात. विद्यापीठाचा ईमेल सुरू झाला की निघायच्या आधीच केंद्राला लिहून नाव घालून ठेव.